पडद्याआडची पंधरा मिनिटं

गोदामाच्या गेटवर बायकांची झडती घेणाऱ्या मावशींनी मला सांभाळलं, हे आधी सांगून टाकते. बाकीचं नंतर. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण लिहू का म्हणून त्यांना विचारलेलं नाही.

"हात वर. वळ. जा." दिवसभर त्यांच्या तोंडात एवढंच. तुम्हीही मॉलमध्ये अशा पडद्याच्या खोपटात उभ्या राहिल्या असाल. झडती घेणारीच्या तोंडाकडे आपण कुठे बघतो? मीही बघितलं नव्हतं.

कल्याणच्या पुढे ऑनलाइन मालाचं गोदाम आहे, तिथे मी पॅकिंगला. माझी शाळा आठवीत सुटली. माहेर-सासर दोन्ही परभणीकडे, इथे आंबिवलीच्या खोलीत नवरा, मी आणि मुलगी. मुलगी चार महिन्यांची झाली आणि मी कामावर परत आले. आणखी घरी बसले असते तर जागा गेली असती. दिवसभर तिला शेजारच्या काकू बघायच्या.

पहिल्याच आठवड्यात, सुट्टी झाल्यावर, झडती घेताना मावशींचा हात माझ्या छातीशी थांबला. कुर्त्याच्या आत काहीतरी जाड लागलं.

"काय लपवलंस गो? काढ."

मी काढलं नाही. काम गेलं, एवढंच डोक्यात. त्यांनीच ओढून काढलं. टॉवेलचा तुकडा, घडी घातलेला, दुधाने चिंब.

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो कोपऱ्यात पिळला, परत घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"पोर केवढं?"

"चार महिन्यांची."

"आणि दिवसभर असंच?"

"संडासात जाऊन काढून टाकते."

"संडासात?" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की बाहेरची रांग गप्प झाली. "उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत हितं यायचं."

खोपट म्हणजे तीन बाजूंनी प्लायवूड आणि एका बाजूला निळा पडदा. मावशींनी स्वतःची खुर्ची आत सरकवली आणि पडद्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. स्टीलची बरणी माझी, पिशवी त्यांची, आतून चंदेरी अस्तराची. "आमच्या कोपर गावाला हिच्यातून कोलंबी आणते. धुतलीय. वास घे." मी घेतला. कोलंबीचाच आला. बर्फ मावशीच कँटीनमधून मागून आणायच्या. बरणी संध्याकाळी काकूंच्या फ्रिजमध्ये जायची आणि दुसऱ्या दिवशी दूध पोरीच्या पोटात.

मी आत असताना कुणी बाई आली की बाहेरून ऐकू यायचं.

"थांब. चेकिंग चालू हाय."

"एवढा वेळ?"

"कडक चेकिंग. तुला पण पायजे?"

हसू यायला हवं होतं. त्या दिवसांत मला काहीच यायचं नाही, ना हसू, ना रडू. हात तेवढे चालायचे, पॅकिंगच्या टेबलावर चालायचे तसेच.

लाइनवरच्या बायकांनी त्या कडक चेकिंगचा अर्थ काढला. रोज पंधरा मिनिटं एकीचीच झडती, म्हणजे बाई चोर. माझ्याजवळ कुणी मोबाइलही ठेवेना. मी खरं सांगितलं नाही. दुधाचं बोलण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं मला सोपं वाटलं.

ते सुपरवायझरपर्यंत गेलं. एका दुपारी पडद्याबाहेर त्याचा आवाज आला.

"हिच्याकडे रोज काय सापडतं, मावशी?"

"काय नाय."

"मग रोज का धरता? मला लेखी पाहिजे. नाहीतर ती उद्यापासून कामावरून बंद."

मी आत, हातात बरणीचं झाकण. साहेब, त्यांचा दोष नाही, मीच इथे बसते. एवढंच बोलायचं होतं. बोलले नाही.

"मीच तिला बसवते," मावशी म्हणाल्या. "दूध काढायला. एवढ्या मोठ्या गोदामात तुमच्या खोक्यांना जागा हाय, बाईला नाय. लिवा."

"ड्युटीवर हे चालत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय. तरी लिवा."

माझं काम टिकलं. सोमवारी पडद्यापाशी दुसरी गार्ड होती. एजन्सीने मावशींना ठाण्यात बाळकुमला कुठल्याशा टॉवरच्या गेटवर टाकलं, तिथे बसायला स्टूलसुद्धा नाही, असं ती म्हणाली. मी मान हलवली आणि टेबलाशी जाऊन खोकी भरली.

महिन्याभराने जुन्या लॉकरच्या खोलीला आतून कडी बसली. आता मी तिथे बसते, आणखी एक जण बसते. कडी कुणाच्या सांगण्यावरून बसली ते कुणी सांगत नाही. सुपरवायझरने त्या दुपारी जे लिहून घेतलं ते वर कुणीतरी वाचलं असावं.

मावशींना हे कळलेलं नाही. मी अजून गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ, असं होतं. पण मुलगी आता बसायला लागलीय. चालायला लागली की तिला घेऊन बाळकुमचे टॉवर एकेक करून शोधणार आहे. मावशी सापडल्या की त्यांच्या साहेबासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्या दुपारचं माझं राहिलेलं वाक्य बोलणार आहे.