कच्च्या वहीतले दोन दिवस

पलटणीने त्यांचं नाव ‘रजिस्टर’ ठेवलं ते त्यांच्या एकविसाव्या वर्षी, आणि ते असं चिकटलं की चौऱ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा गल्लीतली माणसं त्यांना रजिस्टरकाकाच म्हणायची. फौजेत ते कारकून होते. बंदूक चालवता यायची, पण उमर गेली ती टाइपरायटर, कार्बन आणि शिक्क्यांच्या संगतीत. प्रत्येक जवानाचं एक सेवापुस्तक असे: भरती कधी, बदली कुठे, जखम कसली, पदक कोणतं. ही सगळी पुस्तकं रजिस्टरकाकांच्या कपाटात. कोणी कितीही गळ घालो, उत्तर ठरलेलं: कागद दाखव, मग नोंद घेतो. समोरचा रडला तरी कागद, हसला तरी कागद. माणूस नाकासमोर चालणारा; फक्त ते नाक जरा जास्तच सरळ होतं.

निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. गॅसची टाकी कधी लावली, चष्मा कधी बदलला, नळाचा वॉशर कितव्यांदा गेला, सगळं वहीत. बायको म्हणायची, “अहो, मी जिवंत आहे का, तेही एकदा वहीत बघून घ्या.” ते मान हलवत आणि लिहीत राहत.

दर हिवाळ्यात माजी सैनिकांचा मेळावा भरे. रजिस्टरकाका जुना कोट चढवून, छातीवर तीन फिती लावून जात. दोन फिती सगळ्यांना मिळतात तसल्या. मधली हिरवी, पांढऱ्या रेघेची, शौर्यपदकाची. त्या वर्षी संघटनेला नवा सेक्रेटरी आला होता. तो दारातच छापील यादी घेऊन उभा. यादी थेट अभिलेख कार्यालयाकडून आणलेली, कुणाच्या नावावर काय पदक आहे याची.

“काका, तुमच्या नावापुढे शौर्यपदक नाहीये,” तो हळू आवाजात म्हणाला. “यादीत नसलेली फीत लावता येत नाही. नियम आहे.”

तो काही वाईट माणूस नव्हता. रजिस्टरकाकांनी यादी हातात घेतली, शिक्का पाहिला, क्रमांक पाहिला. कागद चोख होता. “बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि साठ-सत्तर माणसांदेखत स्वतःच्या बोटांनी फीत काढून खिशात टाकली. सगळे एकाएकी आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

घरी येऊन त्यांनी कोट खुंटीला लावला.

“आज मला खोटारडा म्हटलं,” ते बायकोला म्हणाले.

“कोण म्हणालं?”

“कोणी नाही. यादी म्हणाली.”

त्यानंतर ते मेळाव्याला गेले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यात एक खोटं अक्षर लिहिलं नाही, त्याच्या छातीवरची फीत खोटी ठरावी, हे त्यांना आतून खात होतं. जेवताना घास तसाच हातात राही.

खरं काय घडलं होतं, ते त्यांच्या तोंडून काढणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. डोंगरावरच्या ठाण्यावर तोफांचा मारा सुरू असताना दोन जवान कड्यापलीकडे जखमी होऊन पडले होते. कारकून महाशय कचेरीच्या तंबूतून उठले, सरपटत गेले आणि एकाला ओढून आणलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. “जवळच होते. चाळीस पावलं,” एवढंच ते सांगत. त्या चाळीस पावलांना दीड तास लागला होता, हे मात्र सांगत नसत.

मोठ्या साहेबाने सगळ्यांसमोर फीत लावली. त्याचा आदेश टाइप केला तो अर्थात रजिस्टरकाकांनीच, दुसरं होतं कोण? पण पलटणीत एक रीत होती: कारकुनाने स्वतःच्या सेवापुस्तकाला हात लावायचा नाही. ती नोंद दुय्यम कारकुनाची. दुय्यम रजेवर गेला, तिथूनच बदलून गेला. नवा आला त्याला वाटलं, ज्याने सगळ्या पलटणीची पुस्तकं लावली त्याचं स्वतःचं लागलेलं नसेल का? रजिस्टरकाकांनी एका शब्दाने सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण स्वतःच्या शौर्याची आठवण स्वतःच कशी करून द्यायची? लाज वाटली. आदेश फाइलला आहे, झालं, असं म्हणून ते गप्प बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

अर्ज करायला लावलं सुनेने. ती दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची, म्हणजे कागदांच्या बाबतीत सासऱ्याचीच शिष्या. तिने फॉर्म भरला, जोडपत्रं लावली, पोच जपून ठेवली. आठ महिन्यांनी उत्तर आलं. आदेश सापडला होता. पण ती कचेरीची कार्बन प्रत. साहेबाच्या सहीच्या जागी नुसतं टाइप केलेलं ‘सही/-’. सबंध कागदावर हाताने लिहिलेलं एवढंच होतं: कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं. आणि टाइप करणारा म्हणजे अर्जदार स्वतः! सबब, त्या काळातला दुसरा स्वतंत्र पुरावा मूळ स्वरूपात सादर करावा.

सून चिडली. “म्हणजे तुम्हीच स्वतःला पदक देऊन टाकलंत, असं म्हणायचंय का त्यांना?”

“मी त्या टेबलावर असतो तर हेच लिहिलं असतं,” रजिस्टरकाका म्हणाले. “मुद्दा योग्य आहे.”

साहेब हयात नव्हता. जखमी दोघांपैकी एक त्याच आठवड्यात गेला होता, दुसरा आठ वर्षांपूर्वी. इथेच घोडं अडलं.

“पण बाबा, ती फीत आली कुठून? आकाशातून पडली?”

“स्टोअरमधून. सही करून घेतली.”

“मग स्टोअरचं रजिस्टर?”

“मुदत संपली की जाळतात.”

“आणि स्टोअर कुणाकडे होतं?”

रजिस्टरकाकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “कुलुपाकडे.”

कुलूप म्हणजे त्यांच्या पलटणीचा स्टोअरकीपर. सही घेतल्याशिवाय सुई द्यायचा नाही, म्हणून हे नाव. एकाच्या हातात लेखणी, दुसऱ्याच्या हातात किल्ल्या. दोघंही एका माळेचे मणी. जमायचंही चांगलं. बिनसलं ते एका पदकावरून. त्या डोंगरावर तीस दिवस काढलेल्या प्रत्येकाला मोहिमेचं पदक होतं. कागदावर कुलुपाचे दिवस भरत होते अठ्ठावीस. प्रत्यक्षात तो पहिल्याच ट्रकबरोबर आला होता. त्याच्या नेमणुकीचा हुकूम मात्र घाईगर्दीत दोन दिवस उशिराच्या तारखेचा निघाला, आणि पक्कं रजिस्टरही त्याच तारखेपासून उघडलं. पण कुलूप स्वतःची एक कच्ची वही ठेवायचा. दिवसभर त्यात लिहायचं आणि संध्याकाळी पक्क्यात उतरवायचं, अशी त्याची पद्धत. ती वही घेऊन तो रजिस्टरकाकांकडे आला. “हे बघ, दोन दिवस यात आहेत.”

“ही तुझी घरची वही,” रजिस्टरकाका म्हणाले होते. “हा कागद नव्हे.”

पदक मिळालं नाही. कुलूप वही घेऊन गेला आणि पुढची बेचाळीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

आता त्याच्याच दाराशी जायचं म्हणजे करावं तसं भरावं. दोन तासांच्या बसप्रवासात रजिस्टरकाका अर्जाची पोच उलगडत आणि पुन्हा घडी घालत राहिले. कुलूप दुसऱ्या मजल्यावर राहायचा. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि पाहुणा कोण हे ऐकताच ती तशीच आत वळली. कुलूप टेबलाशी बसून बॅटरीचा दिवा दुरुस्त करत होता. भिंतीवर किल्ल्यांची रांग, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. त्याने मान वर केली.

“बस,” तो म्हणाला. “केस गेले तुझे.”

“तुझे पण.”

सुनेने सगळी हकीकत सांगितली. रजिस्टरकाका चपलांकडे बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, “तुझी ती कच्ची वही आहे का अजून?”

कुलुपाने दिवा खाली ठेवला. “वही आहे. पण ती कागद नव्हे म्हणे. एका विद्वानाने सांगितलं होतं.”

मग कुलूप गुडघ्यावर हात टेकून उठला, कपाट उघडलं, फडक्यात बांधलेली वही काढली आणि रजिस्टरकाकांच्या हातात दिली. “घे. मी काय तुझ्यासारखा आहे?”

पान सुनेनेच शोधलं. तारीख, ‘फीत, शौर्य, एक नग’, आणि पुढे रजिस्टरकाकांची सही. “सापडलं, बाबा!” ती जवळजवळ ओरडलीच. पण रजिस्टरकाकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी वही तिच्याकडून घेतली आणि एकेक पान मागे उलटत पहिल्या पानावर आले. ‘घोंगड्या बारा, कंदील चार. कचेरीसाठी.’ पुढे सही. ती पण त्यांचीच. तारीख हुकमाच्या दोन दिवस आधीची.

त्यांना ती सकाळ जशीच्या तशी आठवली. थंडीने सुजलेल्या बोटांनी कुलूप घोंगड्या मोजत होता आणि ते स्वतः सही करायला उभे होते, शाई गोठली म्हणून दौत काखेत धरून. हे ते विसरले नव्हते. वही पुढे आली होती तेव्हाही विसरले नव्हते. त्यांनी ते पान उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं, कारण पाहायची गरज नव्हती. त्यांना ठाऊक होतं.

ज्याचं जळतं त्याला कळतं. रजिस्टरकाकांना कळायला बेचाळीस वर्षं आणि एक छापील यादी लागली.

“त्या सेक्रेटरीने माझी फीत काढायला लावली,” ते म्हणाले. “पण त्याने मला डोंगरावर पाहिलेलं नव्हतं रे. मी तर तुला पाहिलं होतं.”

त्याच्या बायकोने आतून पाण्याचे पेले आणून ठेवले आणि ती पदर सावरत तिथेच उभी राहिली.

“चूक माझी होती. मला कोरा कागद दे.”

त्यांनी तिथेच टेबलावर बसून कुलुपाचा अर्ज लिहिला आणि त्याला आपला जबाब जोडला: अमुक दोन दिवस अर्जदार ठाण्यावर हजर होता, हे मी स्वतः पाहिले आहे, माहीत असूनही नोंद घेतली नाही, हा माझा दोष. असलं वाक्य त्यांनी जन्मात कधी लिहिलं नव्हतं. खाडाखोड मात्र झाली नाही.

जिना उतरताना सून म्हणाली, “बाबा, मूळ वही एकाच अर्जाला जोडता येईल. तुमचं प्रकरण आधीच टेबलावर आहे. वही तुमच्याला लावू, त्यांना झेरॉक्स लावू.”

“उलटं कर.”

“अहो, झेरॉक्स धरत नाहीत ते! तुमचा अर्ज पडून राहील. मेळावा पुन्हा जाईल.”

“जाऊ दे. तो माझ्यापेक्षा जास्त थांबलाय.”

आणि खरंच मेळावा गेला. कोट खुंटीलाच राहिला. बायकोने एकदा धुवायला काढला, फीत खिशातून काढून देवापाशी ठेवली. पण रजिस्टरकाका आता घास हातात धरून बसत नसत. टपालवाला आला की पहिला प्रश्न: “कुलुपाचं काही कळलं?” टपालवाल्याला बिचाऱ्याला वाटे, यांच्या दाराचं काहीतरी बिघडलंय.

सात महिन्यांनी कुलुपाच्या पदकाची नोंद झाली. एका अर्जात खरी धरलेली वही दुसऱ्यात खोटी कशी धरणार? त्यापुढच्या तीन महिन्यांत रजिस्टरकाकांचंही पत्र आलं. त्यांनी नाव, क्रमांक, तारीख, शिक्का असं सगळं तपासलं, “बरोबर आहे,” म्हणाले आणि तोंड धुवायला म्हणून आत गेले ते पंधरा मिनिटं आलेच नाहीत. सेक्रेटरीचाही फोन आला. माफी मागितली त्याने. “तुमचा मुद्दा योग्य होता,” हे त्यांनी त्यालाही सांगितलं.

मग एका दुपारी दारात कुलूप उभा. काखेत वही. कार्यालयाने ती त्याच्याकडे परत पाठवली होती.

“पहिलं पान उघड,” तो बसायच्या आधीच म्हणाला. “आणि इथे समासात लिही.”

“काय लिहू?”

“तेव्हा लिहायला हवं होतंस ते.”

“अरे, पण सेवापुस्तकात पक्की नोंद झालीय. आता याचा उपयोग काय?”

“ती कचेरीने केली,” कुलूप म्हणाला. “मोठ्या मुलाला पत्र दाखवलं मी. लहानपणी त्याने विचारलं होतं, बाबा, तुम्ही पहिल्यापासून होतात तर मग पदक का नाही? तेव्हापासून मी घरात त्या डोंगराचं नावच काढलं नाही. परवा पत्र वाचून तो म्हणाला, चला, सरकारी काम अखेर झालं. म्हटलं, सरकारचं सोड. तिथे मला पाहणारा एक माणूस होता.”

रजिस्टरकाकांनी पेन काढलं, निब कागदाच्या कपट्यावर चालवून पाहिली आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात, दोन ओळींत, लिहिलं की या दिवशी व याच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर ठाण्यावर हजर होता आणि त्याच्या हातून मी बारा घोंगड्या घेतल्या. खाली सही केली. सहीखाली तारीख घातली.

कुलुपाने चष्मा लावून दोनदा वाचलं. “तारीख आजची टाकलीस?”

“मागची कशी टाकणार?”

कुलूप हसला, ठसका लागेपर्यंत हसला. मग फुंकर मारून शाई वाळवली, वही फडक्यात बांधली आणि उठला.

“अरे, चहा तरी घे!”

“पुन्हा येईन. पाचची बस गाठतो,” कुलूप म्हणाला. “मोठा आठला घरी येतो. त्याला वाचून दाखवायचंय.”