माळ्यावरचे दोन कॉम्प्युटर

काल मुलाचा जुना कॉम्प्युटर उघडला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. मंचरला आमच्या धान्याच्या दुकानावरच्या माळ्यावर असाच वास यायचा. तिथे मला दोन कॉम्प्युटर मांडून क्लास काढायचा होता. सासऱ्यांनी बजावलं होतं, आज दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडून दाखव, नाहीतर माळा पोत्यांना.

फुकट मिळतं म्हणून विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. नेटवर्क कार्डाच्या खोक्यावर जे नाव होतं, त्याचाच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मी चढवत होते आणि दर वेळी कॉम्प्युटरला कार्ड सापडत नव्हतं. मग सुचलं, आम्ही पोत्यावरचं नाव कधी मानत नाही. पोत्यात नळी खुपसून दाणे हातावर घेतो. कार्ड उपसून चिपवरचा नंबर वाचला. चिप दुसऱ्याच कंपनीची होती. तिचा ड्रायव्हर चढवला, कॉम्प्युटरला नेटवर्कचा पत्ता दिला आणि पलीकडच्या कॉम्प्युटरला पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारली.

काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ उत्तरं येऊ लागली. एका डब्याने दुसऱ्याला ओ दिली होती.

तेवढ्यात सासरे हमालांना घेऊन वर आले. "हे कोण लिहितंय?"

"तो पलीकडचा."

"काय म्हणतोय?"

"हाक ऐकू आली, एवढंच."

"एवढ्यासाठी सकाळपासून बसलीस व्हय?"

आता फोन नेटला आपला आपण जोडला जातो, कुणी बघतही नाही. त्या दिवशी हमाल पाठीवरची पोती न उतरवता बघत होते. सासऱ्यांनी स्वतः दोन कॉम्प्युटरमधली वायर उपसली. ओळी थांबल्या. परत लावली, तशा पुन्हा सुरू झाल्या.

"पोती खाली न्या रे," ते हळूच म्हणाले.