मास्तरांचा उजवा गाल

१९९७ च्या ईस्टरनंतर दुसऱ्याच आठवड्यात वसईजवळच्या सांडोर गावच्या ॲन्सेल्म मास्तरांची अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वर्ग दणाणून सोडणारा आवाज ‘अं... अं...’वर येऊन थांबला. एक हट्ट मात्र सुटला नाही: दाढी रोजच्या रोज झालीच पाहिजे. ते काम आलं कॉन्रॅडकडे, त्यांच्या मुलाकडे. बापलेकांचं गेली वीस वर्षं धड बोलणंही नव्हतं.

कॉन्रॅड गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होता. पावणेसातला कंपनीची बस यायची. त्याआधी तो बापाला ओट्यावर खुर्चीत बसवायचा आणि समोर आरसा टांगायचा. मास्तर मांडीवर आपली जर्मन सिल्व्हरची वाटी घेऊन तयारच असत. वाटीत साबण घोटायचा, फेस चांगला दाट होऊ द्यायचा आणि मग तो हलक्या हाताने गालावर चढवायचा, ही त्यांची जन्मभराची रीत. कॉन्रॅड ती वाटी उचलून खाली ठेवायचा. तोंड ओलं करून ट्यूबमधलं क्रीम सरळ गालावर पिळायचा आणि राठ केसांचा ब्रश तोंडावरच गरागरा फिरवायचा. मास्तर मान फिरवत, डाव्या हाताने खुर्चीची दांडी बडवत.

“हलू नका. कापेल,” एवढंच कॉन्रॅड म्हणायचा.

“वाटीत फेस केलास तर काय बिघडेल तुझं?” त्याच्या बायकोने, बेलाने, एकदा विचारलं.

“बस चुकेल.”

बसचं निमित्त होतं. कॉन्रॅड नववीत असताना मास्तरच त्याचे वर्गशिक्षक होते. ओठांवर कोवळी मिसरूड फुटली होती आणि गावच्या फेस्ताला, चर्चच्या सणाला, ती मिरवायची म्हणून पोराने जपली होती. मास्तरांनी त्याला सगळ्या वर्गादेखत फळ्यापुढे उभं केलं. घरून वाटी, ब्रश, वस्तरा आणलेलाच होता. सावकाश, अगदी सावकाश त्यांनी वाटीत फेस काढला. “बघा, या साहेबांना बाप्या व्हायची घाई झालीय,” असं म्हणत त्याचा कान धरून मिशी उतरवली. मुलगे खिदळले, मुलीही हसल्या. मुलींचं हसणंही कॉन्रॅड पुढे विसरला, पण ब्रश वाटीवर आपटल्याचा तो टक टक आवाज काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्या वर्षी तो नापास झाला आणि पुन्हा शाळेची पायरी चढला नाही.

मे महिन्यात थोरली बहीण सँड्रा गिरीजच्या सासरहून आठ दिवस राहायला आली. तिने दुसऱ्याच दिवशी वाटी हातात घेतली, फेस काढला आणि बापाच्या गालावर लावला. मास्तरांच्या तोंडाची चांगली बाजू हसली.

“बघ, एवढंच हवं असतं त्यांना,” सँड्रा म्हणाली. “बापासाठी एवढंही होत नाही तुझ्याच्याने?”

“मग ने त्यांना गिरीजला.”

“लाज नाही वाटत?”

“फळ्यापुढे मी उभा होतो, तू नव्हतीस.”

सँड्रा ठरल्याआधीच निघून गेली.

त्यानंतर कॉन्रॅडचा हात अधिकच जड झाला. उजव्या गालाला काही कळत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. डाव्या गालावर ब्रश जोरात फिरला की मास्तर कण्हत. उजव्या गालावर कितीही घासलं तरी हूं की चूं नाही. मग तो तिथेच घासायचा. चाळीस वेळा, पन्नास वेळा. दिवसभर मशीनवर उभं राहताना त्याला त्यामुळे बरं वाटायचं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची किळसही यायची. तरी दुसऱ्या दिवशी तो तेच करायचा.

जूनमध्ये एका रविवारी मास्तरांचे केस कापायला शत्रुघ्न न्हावी घरी आला. पाण्याच्या हाताने त्याने मास्तरांचा गाल पुसला आणि थबकला. गालफडापासून जबड्यापर्यंत कातडी सोलून लाल झाली होती, एका जागी पाणी सुटलं होतं.

“कॉन्रॅडभाऊ, हे कशाने झालं?”

“घामोळं असेल.”

“एकाच गालावर?” शत्रुघ्नने बोटाने ब्रशचे केस दाबून पाहिले. “मी तीस वर्षं दाढ्या करतोय, भाऊ. फेस तोंडावर काढायला हरकत नाही. पण हा फेस काढलेला नाही. हे घासलंय.”

कॉन्रॅडने आरशात पाहिलं. मास्तर त्याच्याकडेच बघत होते. रोज समोर आरसा होता. गालाला कळत नव्हतं, डोळ्यांना सगळं दिसत होतं. सांगायला तोंड तेवढं नव्हतं. कॉन्रॅड एक पाऊल पुढे सरकला, तसा मास्तरांनी डावा हात आडवा नेऊन उजवा गाल झाकला. मार चुकवायला पोरं झाकतात तसा.

“मी केलं,” कॉन्रॅड म्हणाला. दारात बेला उभी होती, तिनेही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली. साबण घेऊन वाटीत दाट फेस काढला आणि बापासमोर बसला. “पप्पा, चुकलं माझं.”

मास्तरांनी वाटीत पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ते फेसात थुंकले.

तेव्हापासून रोज सकाळी दाढीला शत्रुघ्न यायला लागला. गाल भरून आला. हळूहळू चार शब्दही परतले. मास्तर सुनेला ‘बेला’ म्हणू लागले, न्हाव्याला अर्ध्या नावाने ‘शत्रू’ म्हणून प्रेमाने हाक मारू लागले. मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. कॉन्रॅड त्यांना अंघोळ घालायचा, कपडे बदलायचा, उचलून गाडीत बसवून चर्चमध्ये मिस्साला न्यायचा. तेवढं ते करू देत. पण त्याचा हात मानेच्या वर गेला की डोळे घट्ट मिटून घेत.

साडेतीन वर्षं हे असंच चाललं. शेवटच्या आजारात, इस्पितळात, कॉन्रॅडने पुन्हा एकदा माफी मागितली. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. तो कान जवळ नेऊन वाकला.

“जा,” मास्तर म्हणाले.

कॉन्रॅड बाहेर येऊन बाकावर बसला. आत बेला त्यांना चमच्याने पाणी पाजत होती.