मुरोदिलच्या वाट्याची वीस झाडं

मर्गिलानच्या मुलखात मुलगा झाला की बाप पाटाच्या कडेला पॉपलरची रोपं लावतो. पोरगं विशी-बाविशीला येईतो झाडंही तुळया-वाशांच्या जाडीची होतात. मग ती पाडायची, त्याला घर बांधून द्यायचं आणि सून आणायची. मुरोदिल झाला तेव्हा एर्गाश उस्तानेही वीस रोपं लावली. जुन्या मशिदींची नक्षीदार लाकडी छतं दुरुस्त करण्यात या सुताराची हयात गेली, म्हणून तो उस्ता, म्हणजे उस्ताद. कुठली तुळई टिकेल आणि कुठली पुढच्या हिवाळ्यात बसेल, हे तो बोटाने ठोकून सांगायचा.

मुरोदिल एकविसाव्या वर्षी मॉस्कोला गेला, परक्यांच्या भिंतींना प्लास्टर करायला. दरवर्षी फोनवर एकच पालुपद, "पुढच्या वसंतात नक्की, बाबा." म्हातारा झाडांना कुणाला हात लावू देईना.

शेजारचा काझिम टोमणे मारायचा, "उस्ता, पॉपलर आहे, अक्रोड नव्हे! उभ्या उभ्या पोकळ होतंय. पाडा आणि बांधून ठेवा घर."

"पहिला घाव पोराच्या हातचा."

"अहो, एकदा ठोकून तरी बघा," बायको खोसियत म्हणायची. तो बघत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खरं म्हणजे त्याला भीती वाटायची, आणि ती झाकायला हट्ट बरा पडायचा.

तेहेतिसाव्या वर्षी मुरोदिल आला, दहा दिवसांसाठी. खोसियतने पुलाव शिजवला. उस्ताने पडवीचे खांब कसे कोरणार, ते काडीने मातीत काढून दाखवलं. पोरगा फोनकडे बघत "हं, हं" करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरोदिलने पहिला घाव घातला. कुऱ्हाड नको तितकी सहज आत गेली. झाड पडलं आणि बुंध्यातून तपकिरी भुसा सांडला. दुसरं पाडलं, तेही तसंच. कुंपणाशी उभा काझिम मान खाली घालून घरात गेला, आणि उस्ताला तेच जास्त लागलं.

"चूक माझी," तो म्हणाला. "लाकूड बाजारातून आणू. खांब मी कोरतो, हात चालतो अजून माझा."

मुरोदिलने कुऱ्हाड खाली ठेवली. "राहू द्या, बाबा. कसं सांगावं तेच कळत नव्हतं. तिकडे घर घेतलंय मी. लग्नही केलंय, दोन वर्षं झाली." आणि तो चक्क हसला. "बरंच झालं म्हणायचं. झाडंच पोकळ निघाली, आता घराचा विषयच मिटला."

इतक्या वर्षांत पोराला असं मोकळं हसताना उस्ताने पाहिलं नव्हतं. त्याने कुऱ्हाड उचलली आणि तिसऱ्या झाडाकडे वळला.

"थांबा, मी पाडतो ना."

"तू नको," उस्ता म्हणाला. "तू आईजवळ बस जा. सून दिसते कशी, ते सांग तिला."