बँकॉकच्या बाथरूममधलं पिठलं

आमच्याकडे डब्यांचं काम आहे. बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांतून रोज डबे भरून जातात आणि ते भरायला मी पहाटे उठते. मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला तेव्हापासून म्हणत होता, आई, तुला एकदा विमानाने परदेशात नेऊन आणतो. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. शेवटी या वर्षी त्याने माझं आणि ह्यांचं बँकॉकच्या सहलीत नाव घातलं. मला बुद्ध बघायचा होता, नदी बघायची होती, पण खरं सांगायचं तर मला आठवडाभर गॅससमोर उभं राहायचं नव्हतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. असलं बोलायला मला लाज वाटते.

पहिल्या दिवशी सकाळीच उतरलो आणि बसमध्ये बसलो. बस चांगली गार होती. मग कुणीतरी लसणाची चटणी उघडली, कुणी बूट काढून पाय वर घेतले, मागे एक बाई डोकं दुखतं म्हणून बाम चोळत होत्या. काचा उघडत नव्हत्या. तिन्ही वास एकत्र होऊन नाकात बसले ते दिवसभर गेले नाहीत. मी पदर तोंडाला लावला तर पदरालाही तोच वास.

देवळात बुद्ध आडवा झोपलेला होता, सगळा सोन्याचा. त्याचे तळवे माझ्याहून उंच. मी तळव्यांपाशी थांबले होते, तेवढ्यात आमच्यातल्या एका गृहस्थांनी खांबाआड चिवड्याची रिकामी पिशवी बोळा करून टाकली. इथे किती स्वच्छ असतं बघा, असं ते आत्ताच बायकोला सांगत होते. गाइड बाईंनी हसतमुखाने ती पिशवी उचलली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

बाहेर रस्त्यावर खाण्याच्या गाड्या लागल्या होत्या. मोठ्या परातीत तळलेले किडे, टोळ, काय काय. मला शिसारी आली, खोटं कशाला बोलू. पण आमचे लोक नाक दाबून, बोट दाखवून, त्या विकणाऱ्या बाईच्या तोंडावर हसत होते. "काय गं, पावकिलो बांधून घेऊ का?" कोथरूडचे एक काका बायकोला म्हणाले. "तुमच्या आईला न्या, त्यांना नवीन पदार्थांची आवड आहे," काकू म्हणाल्या. सगळे खूप हसले. ती बाई आपली शांतपणे माश्या हाकत होती. किड्यांची किळस तेवढ्यात गेली. हसण्याची गेली नाही.

दुपारी आपल्याच पद्धतीच्या हॉटेलात जेवण होतं. लग्नात असतं तसं पनीर, वरण, जिरेभात. मला ते छान लागलं, कारण ते मी केलेलं नव्हतं. काका म्हणाले, "एवढ्या लांब येऊन हे पाणचट वरण." आमचे हे लगेच पुढे झाले. "संध्याकाळी आमच्या खोलीवर या. हिच्या हातचं पिठलं खा, मग बोला."

मी म्हटलं, "अहो, पिठलं कशात करणार?"

"सगळं आणलंय," ते म्हणाले. विजेचं भांडं, बेसन, मोहरी, हिंग, कांदे, तेलाची बाटली. माझ्या साड्यांच्या खाली. बॅग जड का लागतेय, असं मी विमानतळावर विचारलं होतं, तेव्हा ते बोलले नव्हते.

खोलीत धूर झाला तर छतावरचा भोंगा वाजतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. म्हणून संध्याकाळी भांडं बाथरूममध्ये मांडलं. कमोडचं झाकण पाडून त्यावर कागद पसरला आणि कागदावर कांदा, मिरच्या, सुरी. बाहेर पलंगावर चारपाच जण मांडी घालून बसले होते. "आवरा वहिनी, भूक लागली," काकांनी आवाज दिला.

मी आत गेले. कांद्याची एक फोड कागदावरून घसरून झाकणाच्या कडेला चिकटली होती. टबात कुणाचा तरी एक लांब केस होता. मी दाराची कडी लावली आणि टबाच्या काठावर बसले.

बाहेर किड्यांच्या गप्पा चालल्या होत्या. इथले लोक काय वाटेल ते खातात, कुठेही शिजवतात. "वहिनी, फोडणीचा वास नाही आला अजून," कुणीतरी म्हणालं. मग ह्यांनी दार वाजवलं. "अगं, झालं का?"

मी दार उघडलं. "पिठलं होणार नाही."

"का, लाइट गेली?"

"नाही. मी करणार नाही."

चारचौघांत मी इतकं कधी बोलले नव्हते. माझे कान गरम झाले. काकू म्हणाल्या, "त्यांना बरं नसेल हो, प्रवासाचा शीण."

"मला बरं आहे," मी म्हटलं.

मग सगळ्यांनी प्रवासासाठी मी केलेल्या पोळ्या काढल्या आणि लोणच्याशी खाल्ल्या. पांढऱ्या चादरीवर तेलाचे डाग पडले. जाताना कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

"शोभा केलीस माझी," हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू खाल्लं नाहीस. भूक नाही का?"

"आहे. खाली जेवण मिळतं. चला."

"मी नाही येणार. एकटी जा."

मी चप्पल घालून दाराशी जाऊन उभी राहिले. लिफ्टचं कोणतं बटण दाबायचं, खाली कुणाला काय म्हणायचं, मला काहीच ठाऊक नव्हतं. पण परत आत येऊन त्या पलंगावर बसवेना. ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. शेवटी उठले, लोणच्याचे हात पँटला पुसले आणि खोलीचं कार्ड माझ्यापुढे धरलं. कार्ड तेलकट झालं होतं. मी ते पदराने पुसून घेतलं, आणि हे माझ्यामागून लिफ्टकडे आले.