तुलारामच्या तिकिटावरचे बारा

सिहोऱ्याच्या तुलारामने एसटीत कंडक्टर म्हणून तेहतीस वर्षं काढली. निवृत्त झाला तरी गावातलं कोणीही प्रवासाला निघालं की आधी त्याला विचारून जाई. गाडी किती वाजता पोचेल, हे तो सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही.

शारजाला राहणाऱ्या लेकीने, डिंपलने, त्याला आणि शकुबाईला विमानाची तिकिटं पाठवली. तुलारामने चष्मा लावून ती तपासली. नागपूरहून दहाला निघायचं, शारजाला बाराला पोचायचं. परतीला एकला निघून संध्याकाळी सहाला नागपूर.

"जातानी दोन तास," त्याने चौकात जाहीर केलं. "अडीच हजार किलोमीटर! आपल्याले भंडाऱ्याले जाले तेवढेच लागते."

"अन् येतानी पाच काहून?" पानठेल्यावरच्या देवाजीने विचारलं.

तुलारामने तिकीट पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. पण टायमाच्या बाबतीत 'मले माहीत नाही' म्हणायची त्याला सवयच नव्हती.

"येतानी सारे थांबे घेते," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी शकुबाई पोळ्या बांधू लागली, तर तो करवादला, "दोन तासाले डबा कायले?" तिने मान हलवली आणि पोळ्या गुपचूप पिशवीत कोंबल्या.

विमान दहाच्या ठोक्याला सुटलं. तुलाराम खूश झाला. बारा वाजले, तरी खाली नुसतं पाणीच पाणी. सव्वाबाराला त्याने डोक्यावरचं बटण दाबलं. हवाई सुंदरी आली.

"म्याडम, गाडी लेट चालून राहिली. पुढं कळवलं का?"

"अंकल, अभी सवा घंटा है," ती हसून म्हणाली.

"तिकिटावर बारा लिवून हाये!"

शेजारी नाकाडोंगरीचा भुपेंद्र बसला होता. तो शारजात वेल्डर होता. तो म्हणाला, "काका, ते तिथले बारा. तिथली घडी आपल्याहून दीड तास मागं राहते. जा का या, साडेतीनच तास लागते."

तुलारामचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे साऱ्या गावाले चुकीचं सांगून आलो मी."

शकुबाईने पिशवीतली पोळी काढून त्याच्या हातात दिली.

शारजाला पोचल्यावर त्याने आधी हातातलं घड्याळ दीड तास मागं केलं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्याने एकदम कप खाली ठेवला.

"डिंपल, मी तुले रोज सकाळी सहाले फोन करतो. तवा इथं किती वाजते?"

"साडेचार, बाबा."

"चार वर्षं मी तुले साडेचारले उठवून राहिलो? सांगितलं काहून नाही?"

"तुमी एवढे टायमाचे पक्के," डिंपल म्हणाली. "तुमाले चुकलं म्हणाची हिंमतच नाही झाली. अन् तुमच्याशी बोलून मले पुन्हा झोप लागत होती ना."

तुलाराम आधी ओशाळला, मग खो खो हसला. गावी परतल्यावर त्याने सगळ्यात आधी पानठेला गाठला आणि परतीच्या विमानाला एकही थांबा नसतो, हे देवाजीला स्वतःहून सांगितलं. लेकीला फोन आता तो साडेआठला करतो.