मशीनची जागल

दूर कुठंतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, की त्याची थरथर अवकाशातून आपल्यापर्यंत येते. पण ती इतकी बारीक असते, की ती पकडायला बसवलेल्या यंत्राला शेजारून गेलेली बैलगाडीसुद्धा भूकंप वाटते. म्हणून आधी जमिनीची थरथर अडवायची. ती अडवणाऱ्या स्प्रिंगा बनवणं हे माझं पुण्यातलं संशोधन. ब्रह्मपुरीत अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे तू जगाचा आवाज बंद करणार, मग सुरुवात घरापासून कर. माझं डोकं गरम आहे हे आख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं.

स्प्रिंगा तपासायला शांत जमीन हवी होती. पुण्यात ट्रकांनी जीव नकोसा केला होता. मी माझ्या मार्गदर्शक सरांना छातीठोकपणे सांगितलं, आमच्या ब्रह्मपुरीकडच्या झाडीपट्टीसारखी शांत जमीन कुठं मिळायची नाही. सर म्हणाले, जा, पण या खेपेलाही स्प्रिंगा चालल्या नाहीत तर हा विषय बंद. विषय बंद म्हणजे माझं पुणंही बंद.

सावलीच्या पुढं एका खेड्यात अब्बांच्या ओळखीचे एक शेतकरी भाऊ होते. त्यांच्या घरचं शिलाई मशीन अब्बाच दुरुस्त करायचे. तिथं रेल्वे नाही, राइस मिल नाही. त्यांच्या धानाच्या शेताला लागून अब्बांनी आणि मी खड्डा केला. एक मापक खाली जमिनीवर ठेवला, दुसरा स्प्रिंगांवर टांगलेल्या वजनावर. जमीन हलली तरी वरचा स्थिर राहिला पाहिजे, एवढीच परीक्षा. दिवाळी होऊन गेली होती आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणारा धान अजून उभा होता. निघताना मी भाऊंना बजावलं की इथं माणूस, कुत्रं, डुक्कर, कोणी म्हणजे कोणी फिरकता कामा नये. ते म्हणाले, "चिंता नोको करू बाई. धानासारखी राखीन."

आम्ही मुक्कामाला ब्रह्मपुरीला आणि सकाळी परत शेतावर. पहिल्याच सकाळी नोंद पाहिली. आदल्या दिवशी रेघ ठीक होती, पण रात्री वरचा मापक खालच्यापेक्षाही जास्त हलत होता. सगळं जग झोपलेलं असताना! थंडीनं माझ्या स्प्रिंगाच आखडतात, दुसरं काय असणार? मी त्या उघडल्या, पुसल्या, पुन्हा कसल्या. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. अब्बा म्हणाले, मी पाहू का एकदा? मी खेकसले, ही काय शिलाई मशीन आहे का! बिचारे थोड्या वेळानं माझ्यासाठी फाट्यावरून गरम भजी घेऊन आले. ती मी तशीच बाजूला ठेवली. पुण्यातली खोली कधी रिकामी करायची, याचा विचारही मी करून ठेवला होता.

त्या सकाळी भाऊंच्या घरी चहा घेताना त्यांच्या बायकोनं भाऊंच्या पायांकडे बोट दाखवून तोंड उघडलं. "बाई, तुमच्या मशीनीपाई यायचे पाय सुजले नं. रातभर जागल करून राह्यले."

मी कप खाली ठेवला. आमच्याकडे धान पिकला की रानडुकरं येतात, म्हणून शेतकरी रात्री शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर बसून जागल करतो. चाहूल लागली की खाली उतरून काठी आपटत बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं फिरतो. भाऊंनी तर चाहुलीची वाटही पाहिली नव्हती. मी एवढं बजावलं होतं ना! ते रात्रभर खड्ड्याभोवती एका चालीत काठी आपटत फिरत होते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का देत राहिलं की झोका चढत जातो, तशी त्यांची चाल माझ्या स्प्रिंगांच्या हेलकाव्याशी नेमकी जुळली होती. स्प्रिंगांत खोट नव्हतीच. अल्ला, मला त्या सुजलेल्या पायांना हात लावावासा वाटला.

आता त्यांना फिरू नका म्हणणं जड होतं. ते दुखावलेच. म्हणाले, एवढी राखन केली आन् तुमच्या मशीनले माहाच तरास? मी जन्मात कधी बोलले नसेन इतक्या गोडीत बोलले. शेवटी अब्बांनी मधला मार्ग काढला की भाऊंनी पलीकडच्या दूरच्या माळ्यावर बसायचं आणि तिथूनच लक्ष ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी नोंद उघडली. खालच्या रेघेत जमिनीची बारीक कुरकुर होती. वरची रेघ सपाट. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं, तरी सपाटच. भाऊ मागं येऊन उभे राहिले होते.

"काय आयकू आलं बाई?"

"काईच नाई भाऊ."

त्यांनी घाबरून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काईच नाई?"

"काईच नाई."

"मंग त बरं झालं," ते म्हणाले. "जागलीत काई आलं नाई, म्हंजे धान घरी आला."

मी तिथंच धुऱ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. भाऊ गोंधळून गेले, पण अब्बांना कळलं. ते शेजारी येऊन बसले आणि माझं रडणं आवरल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, पुण्याच्या गाडीचं तिकीट कधीचं काढायचं.